सोशिकपणा आणि उभारी

इंग्रजीतल्या ‘रेझिलियन्स’ या संज्ञेला मराठी मानसशास्त्रीय लेखनात बहुधा ‘लवचिकता’ हा प्रतिशब्द दिला जातो. वाकून पुन्हा मूळ आकारात येणे हा त्याचा अर्थ पोलादी पट्टीला नीट लागू पडतो. मुलाच्या बाबतीत तो अपुरा ठरतो, कारण अडचणीतून गेलेले मूल पूर्वीच्या आकारात परत येत नाही, ते वाढते, बदलते आणि कित्येकदा अनपेक्षित दिशेला फुटवे धरते. पावसाने ओढ दिल्यावर माना टाकलेल्या पिकाने एका सरीनंतर ‘उभारी धरली’ असे शेतकरी म्हणतो, तेव्हा त्या बोलण्यात पिकाच्या कौतुकाबरोबरच सर वेळेवर आली, ओल मुळापर्यंत पोचली आणि जमीन पाणी धरून ठेवणारी होती याची जाणही असते. दिव्यांग मुले आणि तरुण यांच्या संदर्भात ‘उभारी’ हाच शब्द अधिक नेमका वाटतो, कारण तो मुलाकडे आणि त्याच्या पायाखालच्या जमिनीकडे एकाच वेळी पाहायला लावतो.

या शब्दाला एक जवळचा शेजारी आहे आणि बहुतेक घोटाळा त्याच्यामुळे होतो. तो म्हणजे सोशिकपणा. मराठी घरांत सोसणाऱ्याला मोठा मान असतो, आणि तो मान दिव्यांग मुलाच्या वाट्याला फार लहान वयात येतो. मुलाने तक्रार न करणे, काही न मागणे, बसवले तिथे बसून राहणे याला शिक्षक, नातेवाईक आणि पुष्कळदा आईवडीलही ‘समजूतदारपणा’ म्हणतात. प्रगतिपुस्तकातल्या विशेष नोंदीच्या रकान्यात तो गुण म्हणून लिहिला जातो. विशेष शिक्षणाच्या क्षेत्रात काही वर्षे काढलेल्या माणसाच्या हळूहळू लक्षात येते की ज्या मुलांविषयी अशी नोंद वर्षानुवर्षे येत राहते त्यांचीच काळजी सर्वांत जास्त करायला हवी, आणि जे मूल हट्ट धरते, ‘नको’ म्हणते, ‘थांबा, माझं मी करतो’ म्हणून मोठ्यांचा हात बाजूला सारते, त्याच्या बाबतीत मात्र थोडे निर्धास्त राहता येते.

संशोधनाची साक्षही याच बाजूने आहे. एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई द्वीपसमूहातील कावाई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा जन्मापासून प्रौढ वयापर्यंत माग ठेवला. गरिबी, जन्माच्या वेळची गुंतागुंत, घरातले आजारपण, आईवडिलांमधला कलह अशी अनेक संकटे एकत्र वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले पुढे कर्तबगार आणि इतरांची काळजी घेणारी माणसे झाली, आणि त्यांच्या आयुष्यात आढळलेल्या समान गोष्टींपैकी एक ठळक गोष्ट म्हणजे मुलाला मनापासून स्वीकारणारे निदान एक स्थिर माणूस. ते आईवडीलच असावे असे नव्हते, आजी, शेजारीण किंवा शिक्षकही पुरले. अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन अ‍ॅन मास्टन यांनी २००१ साली ‘ऑर्डिनरी मॅजिक’, म्हणजे साध्यासुध्या गोष्टींची जादू, हा शब्दप्रयोग केला. उभारी हा निवडक मुलांना लाभलेला दुर्मीळ गुण नसून जिव्हाळा, शिकण्याची संधी, स्वतःवर ताबा मिळवण्याची सवय अशा रोजच्या गोष्टी चालू राहिल्या की ती येते, असे त्यांचे म्हणणे आहे. कॅनडातील संशोधक मायकेल उंगर यांनी त्यात आणखी एक धागा जोडला. आपल्या भल्यासाठी लागणाऱ्या साधनांपर्यंत वाट काढत जाणे आणि ती साधने आपल्याला उपयोगी पडतील अशा रीतीने मिळावीत म्हणून वाटाघाट करणे, अशी उभारीची मांडणी ते करतात. यातील ‘वाटाघाट’ या शब्दापाशी क्षणभर थांबायला हवे, कारण वाटाघाट करायची तर आधी मागता यावे लागते, आणि सोशिक मुलाला नेमके तेवढेच येत नसते.

महाराष्ट्रात या मुलांपर्यंत नियमितपणे पोचणाऱ्यांत समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांचा वाटा मोठा आहे. नोंदवह्या आणि साहित्याचे कपाट तालुक्याच्या गटसाधन केंद्रात, प्रत्यक्ष काम मात्र वाड्यावस्त्यांवरच्या शाळांत आणि घरांत, असे या नोकरीचे स्वरूप असते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. १९९५च्या कायद्यात ते सात होते. चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण घेण्याचा हक्कही या कायद्याने दिला आहे. त्यामुळे एकाच आठवड्यात कुठे ब्रेल पाटी, कुठे श्रवणयंत्राचा संपलेला सेल, कुठे स्वमग्न मुलाच्या वर्गातला पंख्याचा आवाज, तर कुठे अंथरुणावरून न उठणाऱ्या मुलाचे गृहाधारित शिक्षण अशा गोष्टी एकामागोमाग येतात. महिन्यातून दोनतीनदा होणाऱ्या भेटीत मुलाचे आयुष्य बदलण्याइतका वेळ नसतो. पण त्या मुलाभोवतीची माणसे त्याच्याशी कसे वागतात हे पाहण्याइतका वेळ नक्कीच असतो, आणि बदल बहुधा तिथूनच सुरू होतो.

असे पाहणे हुकले की काय होते, हे तालुक्यातल्या एका शाळेतील पाण्याच्या बाटलीने दाखवून दिले. सातवीत शिकणारी एक मुलगी दोन्ही पायांना कॅलिपर, म्हणजे धातूच्या पट्ट्या आणि चामडी पट्टे असलेला आधार, लावून कुबड्यांवर चालत असे. तिच्याविषयी वर्गशिक्षकांपासून पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंपर्यंत सगळे एकमुखाने चांगले बोलत. ती जागेवरून उठत नसे, सहलीचा हट्ट धरत नसे, मधल्या सुट्टीत वर्गातच बसून वही पूर्ण करत असे. तिच्या बाकावर रोज एक निळी बाटली असे आणि ती संध्याकाळी सकाळइतकीच भरलेली घरी जाई. लघवीच्या मार्गाला वारंवार जंतुसंसर्ग होऊ लागला आणि आई तिला घेऊन दवाखान्याच्या खेपा घालू लागली, तेव्हा उलगडा झाला. शाळेच्या स्वच्छतागृहाला दोन पायऱ्या होत्या, दार आतल्या बाजूला उघडत होते, फरशी कायम ओली असे आणि भांडे उकिडवे बसण्याचे होते. कॅलिपर लावलेल्या पायांनी उकिडवे बसता येत नाही, आणि कुबड्या कशाला टेकवायच्या हा प्रश्न वेगळाच. तेव्हा त्या मुलीने मनाशी एक नियम ठरवून टाकला होता की सकाळी सातनंतर घोटभरही पाणी प्यायचे नाही. हा नियम तिला कोणी घालून दिला नव्हता आणि तिने तो कोणाला सांगितलाही नव्हता. विशेष शिक्षकाच्या भेटवहीतही तिच्या नावापुढे सलग तीन भेटींत ‘प्रगती समाधानकारक’ असाच शेरा होता, आणि त्या तिन्ही भेटींत ती बाटली बाकावर होती.

तहान मारण्याची ही शक्ती लहान नाही. पण तिला उभारी म्हणणे म्हणजे शाळेची चूक मुलीच्या गुणांच्या खात्यात जमा करणे होय. तिची अडचण केवळ पायऱ्यांची नव्हती. पायऱ्या काढता येतात हे तिला ठाऊक नव्हते, आणि ते कोणाला तरी सांगता येते हे त्याहून ठाऊक नव्हते. अशा मुलाला धीर देणारी भाषणे ऐकवून काही साधत नाही. जग आपल्या बोलण्याने थोडे हलते, हा अनुभव त्याला आधी मिळावा लागतो.

या अनुभवाचे महत्त्व मानसशास्त्राला जरा आडवाटेने कळले. मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कुत्र्यांना टाळता न येणारे विजेचे झटके दिले होते. पुढे सुटकेची वाट मोकळी असतानाही त्यांतील बरीचशी कुत्री जागची हलली नाहीत, आणि ‘शिकलेली असहायता’ ही संज्ञा त्यातून रूढ झाली. आपण काहीही केले तरी फरक पडत नाही हे प्राणी शिकतो, असा त्या वेळचा निष्कर्ष होता. जवळजवळ पन्नास वर्षांनी, २०१६ साली, त्याच दोघांनी मेंदूविज्ञानातील नव्या माहितीच्या आधारे आपला सिद्धान्त उलटा करून मांडला. दीर्घकाळ त्रास झाला की निमूट पडून राहणे ही सजीवाची मुळातलीच प्रतिक्रिया असते, ती शिकावी लागत नाही. शिकावे लागते ते नियंत्रण, म्हणजे आपल्या कृतीने परिस्थिती बदलते ही जाणीव, आणि ही जाणीव एकदा रुजली की पुढच्या संकटात तीच निमूटपणाला आवर घालते. आपल्या जन्मभराच्या कामाचा पाया असा मोकळेपणाने फिरवून घेणारे संशोधक विरळा, आणि दिव्यांग मुलांच्या शिक्षणाला तर त्यांच्या या दुरुस्तीचा फार मोठा उपयोग आहे. ‘मुलात जिद्द का नाही’ हा प्रश्न त्यामुळे मागे पडतो आणि आजच्या दिवसात त्या मुलाच्या हातून कोणती गोष्ट घडली, हे विचारावेसे वाटू लागते.

बऱ्याच घरांत या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ‘कोणतीच नाही’ असे असते, आणि ते प्रेमाच्या अभावामुळे नसते. मुलाला असहाय करायला क्रूरपणा लागत नाही, सकाळची घाई पुरते. साडेसातची एसटी गाठायची असते, धाकट्याचा डबा भरायचा असतो, शेतावर मजूर येऊन थांबलेले असतात; अशा वेळी सदऱ्याच्या एका बटणाला चार मिनिटे घेणाऱ्या मुलासमोर आईने हात बांधून उभे राहावे ही अपेक्षा बाहेरून येणाऱ्याने करणे सोपे असते. विशेष शिक्षणात यावर ‘उलटी साखळी’ नावाची एक जुनी आणि भरवशाची रीत आहे. कोणत्याही कामाचे लहान लहान टप्पे पाडायचे, पहिले सगळे टप्पे मोठ्या माणसाने उरकायचे आणि शेवटचा एकच टप्पा मुलासाठी राखून ठेवायचा. पाच बटणांपैकी चार आईने लावली आणि पाचवे अर्ध्यावर काजात घालून सोडले, तर उरलेले अर्धे मुलगा ओढून घेतो आणि सदरा पूर्ण झाल्याचे समाधान त्याच्या वाट्याला येते. महिन्याभराने शेवटची दोन बटणे त्याची होतात. सुरुवातीपासून शिकवायला गेले तर मूल पहिल्या बटणापाशी अडते, आई वैतागून बाकीची लावून टाकते, आणि काम नेहमी दुसऱ्याच्या हातून पूर्ण होते हेच मुलाच्या मनावर ठसते. शेवटून शिकवण्याला घाईच्या घरातही जागा करता येते, म्हणून ती टिकते.

साधनांच्या बाबतीत असाच बारकाईने विचार करावा लागतो. दुसऱ्या एका शाळेत तिसरीतला एक मुलगा होता. सेरेब्रल पाल्सीमुळे, म्हणजे मेंदूच्या वाढीच्या काळात झालेल्या इजेमुळे, त्याच्या दोन्ही पायांचे स्नायू ताठ राहत. शिबिरात त्याला रोलेटर, म्हणजे चाके असलेली चालण्याची चौकट, मिळाली आणि तो वर्गातून व्हरांड्यात स्वतः जाऊ लागला. अहवालात हे यश म्हणून नोंदले गेले आणि ते यश होतेही. पण रोलेटर धरायला दोन्ही हात लागतात आणि दोन्ही हात गुंतले की ताट धरता येत नाही, ही साधी गोष्ट कोणाच्याच ध्यानात आली नाही. खिचडीच्या रांगेत त्याच्याऐवजी त्याचा मित्र उभा राही आणि ताट आणून देई. पुढे त्याच्या आजीने जुन्या जीनच्या कापडाची एक पिशवी शिवली, तिला दोन नाड्या लावून ती रोलेटरच्या आडव्या दांडीला बांधली आणि तिच्यात घट्ट झाकणाचा डबा ठेवला. पहिल्या दिवशी झाकण नीट न बसल्यामुळे वरण गळून पिशवी आणि त्याची चड्डी पिवळी झाली. तिसऱ्या दिवशी त्याने झाकणाखाली प्लास्टिकच्या पिशवीचा तुकडा घालायची युक्ती स्वतः काढली. आठवड्याभरात स्वयंपाकाच्या ताईंनी एक गोष्ट सांगितली, ती या सगळ्या उद्योगाचे सार्थक करणारी होती. मुलगा आता रोज दुसऱ्यांदा रांगेत येऊन ‘अजून वाढा’ म्हणत होता. म्हणजे आधीचे कित्येक महिने मित्राला दुसरा हेलपाटा नको म्हणून तो एका वाढपावर थांबत होता, आणि त्याची भूक लहान आहे असे सगळ्यांनी धरून चालले होते.

चुका करण्याची मुभा हा याच गोष्टीचा दुसरा पदर आहे. अमेरिकेतील रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ साली बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींविषयी लिहिताना ‘जोखमीची प्रतिष्ठा’ ही कल्पना मांडली. माणसाला प्रत्येक धोक्यापासून वाचवले की त्याच्या माणूसपणाचा एक भाग काढून घेतला जातो, असा तिचा आशय आहे. ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांनीही पेलतील इतक्या अडचणींशी गाठ पडल्याने पुढच्या अडचणींसाठी बळ येते असे म्हटले आणि त्याला पोलादाची उपमा दिली. लोहार कोयत्याला पाणी देतो तसेच हे आहे, आणि त्यात लोहाराचा अंदाज फार महत्त्वाचा असतो, कारण ताव जास्त झाला तर पाते तडकते. कुबड्यांवर चालायला शिकणाऱ्या मुलाला म्हणूनच आधी पडायला शिकवतात. गादी अंथरून, तोल गेल्याचे जाणवताच कुबड्या दोन्ही बाजूंना दूर फेकायच्या, हात पुढे घेऊन कोपरांत वाकवायचे, अंग सैल सोडायचे आणि मग कुशीवर वळून जवळची कुबडी ओढून उठायचे, हे पुन्हा पुन्हा करवून घेतले जाते. पाहणाऱ्या आईला ते बघवत नाही. पण ज्या मुलाला पडून उठता येते तेच मूल अंगणाबाहेर जायला तयार होते. ब्रेल लिहायला शिकणाऱ्या मुलांच्या बाबतीत शिक्षकाचा हात असाच आवरावा लागतो. ब्रेल पाटीवर उजवीकडून डावीकडे टोचत जायचे आणि कागद उलटून डावीकडून उजवीकडे वाचायचे असते, त्यामुळे सहा टिंबांपैकी एखादे चुकीच्या घरात पडले तर ते कागद उलटल्यावरच बोटाला लागते. ती चूक मुलाच्या बोटाने शोधावी आणि नखाने दाबून सपाट करावी. शिक्षकाने आधीच सांगून टाकले तर टिंब दुरुस्त होते, पण शोधणाऱ्या बोटाचा सराव बुडतो.

मराठी मुलांच्या खेळात ‘लिंबूटिंबू’ नावाची एक जागा असते. लहान भावंड रडते म्हणून त्याला खेळात घ्यायचे, पण त्याच्यावर राज्य येऊ द्यायचे नाही, ते बाद झाले तरी धरायचे नाही, असा तो प्रेमळ करार असतो. दिव्यांग मुलाला वर्गात आणि मैदानावर बहुधा हीच जागा दिली जाते, आणि लहान भावंड दोन वर्षांत तिच्यातून बाहेर पडते तसे दिव्यांग मुलाला पडता येत नाही. तो दहावीपर्यंत लिंबूटिंबूच राहतो. स्नेहसंमेलनात त्याचा प्रवेश ठेवतात पण तालमीला बोलावत नाहीत, गटकार्यात त्याचे नाव घालतात पण काम देत नाहीत, निबंध अपुरा असला तरी ‘छान’ असा शेरा देतात. ही दया मुलांना फार लवकर ओळखू येते. श्रवणदोष असलेल्या एका मुलीने लगोरीच्या खेळात आपण बाद असताना बाद दिले नाही म्हणून भांडण काढले होते, आणि ते ज्यांनी पाहिले त्यांना समावेशनावरच्या कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा अधिक शिकायला मिळाले. खेळाचे नियम सगळ्यांसाठी बदलता येतात. लंगडीत ज्याला एका पायावर तोल सावरता येत नाही त्याच्यासाठी मैदान आखूड करता येते, चेंडूत खुळखुळा घालता येतो, पंचाने शिट्टीऐवजी रुमाल हलवावा असे ठरवता येते. नियम एकदा ठरले की बाद तो बाद. कावाईच्या मुलांना लाभलेले ते एक माणूस मोठेच असले पाहिजे असे नाही, कारण बरोबरीने भांडणारा मित्रही पुष्कळ काही देऊन जातो.

आतापर्यंतच्या सगळ्या उदाहरणांत मूल पुढे जाताना दिसते. पण ज्या आजारात शरीर मागे जाते, तिथे उभारी कशाला म्हणायचे हा प्रश्न राहतोच, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. ड्यूशेन स्नायुविकृती हा जवळजवळ केवळ मुलग्यांना होणारा आनुवंशिक आजार आहे. त्यात स्नायू हळूहळू क्षीण होत जातात आणि बहुतेकांचे चालणे बाराव्या वर्षाच्या आसपास किंवा त्याआधी थांबते. घरात या गोष्टी मुलासमोर बोलत नाहीत. नवस बोलले जातात, ‘मोठा झालास की बरा होशील’ असे सांगितले जाते, आणि मूल दरवर्षी मोठे होत असताना आपले चालणे कमी होताना पाहते. खोट्या आशेचा तोटा असा की ती मुलाला एकटे पाडते. जे त्याला स्वतःला कळलेले असते त्याविषयी बोलायला घरात कोणीच उरत नाही. अशा एका अकरा वर्षांच्या मुलाला डॉक्टर आणि वडील यांनी मिळून त्याच्या आजाराबद्दल त्याला समजेल इतके खरे सांगितले, आणि त्यानंतर व्हीलचेअर केव्हापासून व कुठे वापरायची हे ठरवण्याचे काम त्याच्यावर सोपवले. त्याने काही दिवस विचार केला आणि शाळेत जायला-यायला, वर्गात, बाजारात खुर्ची वापरायची असे ठरवले. उरलेली पावले त्याने घरच्या ओट्यापासून गोठ्यापर्यंतच्या वाटेसाठी राखून ठेवली, कारण गोठ्यात नुकतेच जन्मलेले वासरू होते आणि त्याच्याकडे त्याला चालत जायचे होते. खुर्चीत बसणे म्हणजे हार, असे जे इतर घरांत मानले जाते, ते त्या घरात मानले गेले नाही. आपल्याजवळची शक्ती कुठे खर्चायची हे ठरवणारा तो मुलगा होता, आणि ती वाट बंद झाल्यावर वासराला दोर लावून ओट्यापाशी आणायचे, हेही त्यानेच आधी सांगून ठेवले होते.

किशोरवयात आणखी एक गरज निर्माण होते, ती म्हणजे आपल्यासारखे मोठे माणूस पाहण्याची. गावातल्या दिव्यांग मुलाला शिक्षक, तलाठी, दुकानदार, आई, बाप अशा भूमिकांत दिव्यांग माणसे क्वचितच दिसतात. दिसतात त्या चित्रफिती, ज्यांत एखाद्याने डोंगर सर केलेला असतो. ऑस्ट्रेलियातील दिव्यांग लेखिका स्टेला यंग यांनी २०१४ साली अशा चित्रणावर कडक टीका केली होती, कारण त्यात दिव्यांग माणूस इतरांना बरे वाटावे यासाठी वापरला जातो. नसीमा हुरजूक यांच्या ‘चाकाची खुर्ची’ या आत्मकथनाचे महत्त्व या पार्श्वभूमीवर वेगळे आहे. कोल्हापूरच्या या कार्यकर्तीचे कमरेखालचे शरीर तरुण वयात निकामी झाले आणि पुढे त्यांनी ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ या संस्थेमार्फत दिव्यांगांच्या शिक्षणाचे, निवासाचे आणि रोजगाराचे मोठे काम उभे केले. हे पुस्तक मोठ्या वर्गातल्या मुलांना वाचायला दिले की कामगिरीपेक्षा कपडे, प्रवास, नोकरी, चिडचिड अशा दैनंदिन गोष्टींविषयीचे प्रश्न ती अधिक विचारतात. तालुक्याच्या बँकेत पोलिओ झालेले एखादे कारकून असतील तर त्यांना शाळेत बोलावून तासभर मुलांशी बोलू देणे, यानेही तेच साधते.

दहावीच्या परीक्षेत हे सगळे कसाला लागते. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिक, म्हणजे उत्तरे लिहून घेणारा साहाय्यक, घेण्याची आणि तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळण्याची सोय आहे. सोय मिळते, पण लेखनिकाला सांगणे ही स्वतंत्र विद्या आहे हे विसरले जाते. परिच्छेद कुठे सोडायचा, आकृतीला नावे कोणत्या बाजूला द्यायची, लिहिलेले पुन्हा वाचून दाखवायला केव्हा सांगायचे, आणि लेखनिकाने आपल्या मनाचे शब्द घातले तर त्याला कसे थांबवायचे, याचा सराव आठवीपासून व्हायला हवा. जन्मभर गप्प राहण्याबद्दल शाबासकी मिळालेल्या मुलाला परीक्षेच्या दालनात अनोळखी माणसाला ‘हे खोडा, मी असं म्हटलं नव्हतं’ असे सांगणे जमत नाही, आणि त्याचे गुण तिथे जातात.

इंग्लंडमधील ब्रायटन येथे काम करणाऱ्या अँजी हार्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारीची जी चौकट विकसित केली, तिच्यात घर, अन्न, प्रवास अशा मूलभूत गरजा, आपलेपणा, शिकणे, सामना करण्याची कौशल्ये आणि स्वतःविषयीची जाण असे पाच कप्पे आहेत, आणि मुलाने परिस्थितीवर मात करावी तशी परिस्थितीही बदलावी, हा तिचा आग्रह आहे. या आग्रहाशिवाय उभारीची भाषा धोकादायक ठरते. शाळेला उतार बांधायचा नाही आणि मुलाला जिद्दीचे धडे द्यायचे, हा अन्याय आहे, मग तो कितीही सद्भावनेने झालेला असो. उतार बांधले जातात तेव्हाही एक फूट उंचीला बारा फूट लांबी या सर्वमान्य प्रमाणाकडे दुर्लक्ष होते. कागदोपत्री सुविधा पूर्ण दिसते आणि व्हीलचेअर ढकलायला दोन माणसे लागतात. त्या उताराचा चढ मोजायला टेप आणि वही घेऊन मुलांनाच पाठवले तर गणिताचा तासही होतो आणि उताराची खरी अवस्थाही कळते.

निळ्या बाटलीच्या मुलीच्या बाबतीत पहिला विचार असा झाला होता की विशेष शिक्षकाने मुख्याध्यापकांना पत्र द्यावे. ते दिले असते तर काम कदाचित लवकर झाले असते. त्याऐवजी अर्ज तिने लिहावा असे ठरले, आणि तो लिहायला तिला तीन आठवडे लागले, कारण आपल्याला काय हवे आहे हे आईशिवाय इतर कोणासमोर मांडण्याची तिची ती पहिलीच वेळ होती. अर्जात चार मागण्या होत्या: दोन पायऱ्यांच्या जागी उतार, बसण्यासाठी कमोडची खुर्ची, भिंतीला आधाराची दांडी आणि दाराची कडी हात पोचेल इतक्या खाली. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत अर्ज तिने स्वतः वाचला. आवाज इतका लहान होता की मागे बसलेल्यांनी पुन्हा वाचायला सांगितले, आणि तिने पुन्हा वाचला. दिवाळीच्या सुट्टीत काम झाले. उतार ठीक होता, कडीही खाली आली होती, पण गवंड्याने दांडी डाव्या भिंतीला बसवली होती आणि त्या मुलीचा सगळा जोर उजव्या हातात होता. शाळा उघडल्यानंतर चौथ्या दिवशी तिने दुसरा अर्ज दिला. त्यासाठी तिने कोणाला काही विचारले नव्हते, आणि त्याच्या शेवटी दांडी जमिनीपासून किती इंचावर हवी तेही लिहिले होते.